वर्षाचं झालं!

महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांचे कागदोपत्री वाढदिवस पाहिले तर १ जूनला जेवढी गर्दी दिसते तेवढी दुसऱ्या कुठल्या तारखेला दिसत नाही. शाळा जूनमध्ये उघडायच्या. बाप पोराला घेऊन यायचा, गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि बापाला ती सांगता यायची नाही. मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं असं समजायचं आणि दाखल्यावर तारीख पडायची, १ जून. घरी विचारलं तर वेगळाच हिशेब निघतो. कोणी पानशेत फुटलं त्या पावसाळ्यातलं, कोणी कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यातलं, कोणी बहात्तरच्या दुष्काळातलं, आई खडी फोडायला जात होती तेव्हाचं. १२ जुलै १९६१ आणि ११ डिसेंबर १९६७ या तारखा आपण संकटांच्या म्हणून लक्षात ठेवतो. कितीतरी घरांत मुलांची वयं त्यांच्यावरूनच मोजली गेली.

याच आजी-आजोबांच्या नातवंडांची गोष्ट निराळी. जन्माची वेळ मिनिटासकट नोंदलेली, वजन ग्रॅममध्ये, पावलाचा ठसा कागदावर घेतलेला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, जन्मानंतर २१ दिवसांत नोंद करायला सांगणारा. त्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. १ जूनच्या आजीच्या मांडीवर असं बाळ बसलेलं असतं, समोर पाट, रांगोळी आणि केक. दोघांमध्ये जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचं अंतर. एवढ्या काळात लहान मुलाचा वाढदिवस आपल्याकडे घरोघरचा सण झाला.

गेली काही वर्षं मी पहिल्या वाढदिवसांना मुद्दाम जाते. नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीतून ओळखीच्या. पुण्याच्या उपनगरातल्या हॉलमध्ये गेले आहे, सोलापूरच्या दोन खोल्यांच्या घरात गेले आहे आणि कोकणातल्या वाडीतल्या खळ्यातही. प्रत्येक ठिकाणी मी आई आणि आजीच्या चेहऱ्याकडे पाहत राहते. ‘वर्षाचं झालं हो!’ असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. त्या सांगण्यात कौतुक असतं, थकवा असतो आणि या दोन्हींच्या खाली एक सुटका असते. पहिला वाढदिवस म्हणजे घरानं सोडलेला सुटकेचा श्वास आहे असं माझं ठाम मत झालं आहे. तो श्वास इतका खोल का, हे समजायचं तर मागे पाचवीच्या रात्रीपर्यंत जावं लागतं.

बाळाच्या जन्मानंतरच्या पाचव्या, काही घरांत सहाव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. पाटा-वरवंटा मांडून पूजा होते, कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, बायका जागतात. आज हे एक गमतीचं, हौसेचं जागरण वाटतं. मुळात ते भीतीचं होतं. नाळ विळ्यानं नाहीतर जे धारदार हाताशी असेल त्यानं कापली जायची, कधी जखमेवर राख किंवा शेण लावलं जायचं. मातीत आणि शेणात राहणाऱ्या जंतूला त्या ओल्या जखमेतून वाट मिळायची. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतो. चांगलं दूध पिणारं बाळ एकाएकी पिईनासं होतं, जबडा आवळतो, अंग कमानीसारखं ताठतं. जंतू कोणाला ठाऊक नव्हता. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलं जातात, एवढं मात्र प्रत्येक सुईणीला माहीत होतं. पाचवीच्या भीतीमागे हा एकच रोग होता असं म्हणता येणार नाही, पण सटवीला ज्या रात्रीचा मान मिळाला ती रात्र अशी उगाच निवडलेली नव्हती. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. गरोदरपणी टोचलेली लस, स्वच्छ पातं, दवाखान्यातलं बाळंतपण, इतकं साधं होतं ते सगळं. ते होईपर्यंत पिढ्यान् पिढ्या गेल्या.

श्रावणातल्या शुक्रवारची जिवतीची कहाणी पुन्हा एकदा या नजरेनं वाचावी. राजाची राणी सुईणीला फितवून एका गरीब ब्राह्मणीचं नुकतं जन्मलेलं मूल पळवते आणि आपलं म्हणून वाढवते. ब्राह्मणीला मूल झालंच नाही असं सांगितलं जातं, तरी ती श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि माझं बाळ जिथं असेल तिथं सुखी असू दे म्हणून अक्षता उडवते. त्या अक्षता दूर राजवाड्यातल्या मुलाच्या अंगावर पडतात. पुढे तो मोठा होतो, काशीला निघतो आणि वाटेत एका घरी मुक्काम करतो. त्या घरातली मुलं पाचव्या रात्री दगावत असतात. हा दारात निजलेला असतो, सटवी येते, आणि जिवती तिला त्याला ओलांडू देत नाही. कहाणीत दोन बायका दारात उभ्या आहेत, एक मूल नेणारी, एक राखणारी. आपल्या देवघरात जिवतीचा जो कागद लावतात त्यावर जरा आणि जिवंतिका मुलांना अंगाखांद्यावर घेऊन बसलेल्या असतात. ही जरा म्हणजे महाभारतातली, जरासंधाची दोन शकलं सांधून त्याला जिवंत करणारी राक्षसी. बाळाला जगवलं म्हणून राक्षसीलाही देवघरात जागा मिळाली. यावरून त्या घरांना काय हवं होतं ते कळतं.

सरकारी आकडेवारीतसुद्धा पहिला वाढदिवस हीच हद्द आहे. अर्भक मृत्युदर म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी किती बाळांना पहिला वाढदिवस दिसला नाही, त्याची मोजणी. १९७१ साली देशाचा हा आकडा १२९ होता. म्हणजे आठ बाळांमागे एक. कुठल्याही वाड्यात, चाळीत, आळीत आठ पाळणे मोजले की त्यातला एक रिकामा होणार, असा तो काळ, आणि त्या काळात आई झालेल्या बायका आज पणज्या होऊन आपल्यात आहेत. २०२० साली देशाचा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्राचा १६ वर. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना ‘मुलं किती?’ असं विचारलं की त्या ‘झाली सात, आहेत चार’ असं उत्तर द्यायच्या. त्या उत्तरातली सहजता लहानपणी मला कळत नसे. आता ते आठवलं की पोटात तुटतं.

जगलेल्या मुलाचा वर्षाचा सोहळा करायला त्या बायका कचरत असतील तर त्यात नवल नाही. मूल टिकावं म्हणून त्याला नकोसं भासवणारी नावं ठेवणाऱ्या आपल्याच आज्या. दगडू, धोंडू, कचरू, भिका, केरू. आधीची मुलं गेली की पुढच्याला असं नाव मिळायचं, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही. ज्या बाळाला केराच्या टोपलीत ठेवून ‘हे आमचं नव्हेच’ असं सांगायचं, त्याच्या नावानं दारात फुगे कसे लावणार? तिथं माया अशी लपवूनच करावी लागत होती.

मुलींच्या बाबतीत मात्र नकोसेपण दाखवण्यापुरतं नव्हतं. सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुशी नावाच्या २८० हून अधिक मुलींचा शोध घेऊन प्रशासनानं समारंभपूर्वक त्यांची नवी नावं ठेवली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या होत्या. म्हणून एखाद्या तालुक्याच्या चौकात चिमुकल्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला दिसला, मुकुट घातलेली ती आणि खाली काका, मामा, आत्या अशा शुभेच्छुकांची लांब यादी, तर मी थांबून तो वाचते. चौकाच्या सौंदर्याचा प्रश्न आहेच, पण मुलीच्या जन्माची जाहीर मिरवणूक या राज्यात अजून पुरेशी झालेली नाही.

पाळणे रिकामे होणं कमी झालं ते माणसांनी कष्ट केले म्हणून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना दूर, पावसाळ्यात रस्ता बंद, आणि बाळ घरीच जन्मणार, हे मान्य करून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. श्वास मोजायचा तर निरक्षर बाईला जमेल कसं, म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ बसवलेलं मोजणीचं साधन केलं. मिनिट संपेपर्यंत मणी सरकवत राहायचं, किती सरकले त्यावरून न्यूमोनिया ओळखायचा. मग नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली. वजन करायचं, ऊब द्यायची, दूध नीट ओढतंय का बघायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर औषध आणि इंजेक्शन द्यायचं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या कामाचा अहवाल आला, ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा. २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर काम करू लागल्या. दवाखान्यातून बाळ घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या दारात हजर. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेटी. बाराव्या महिन्याची भेट वाढदिवसाच्या आगेमागेच येते. तेव्हा आशाताईंना केकचा तुकडा देऊन बोळवण करू नये, त्यांना पहिल्या पंगतीला बसवावं. सोलापूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी हे पाहिलं. बाळ वेळेआधी जन्मलेलं, जेमतेम वजनाचं. वाढदिवसाला आशाताई आल्या तर बाळाच्या आजीनं त्यांना खणानारळानं ओटी भरून पाटावर बसवलं, आणि नातेवाइकांना एकेक करून सांगितलं की हिनं सांगितलं म्हणून आम्ही याला छातीशी धरून ठेवलं, नाहीतर काचेच्या पेटीत ठेवायला कुठं नेणार होतो आम्ही.

वर्षाचं बाळ म्हणजे काय, याकडेही जरा निवांत पाहावं. जन्माच्या वेळी जेवढं वजन होतं त्याच्या साधारण तिप्पट झालेलं असतं. पुढचे सहा-आठ दात आलेले असतात, कुणाचे दोनच. धरून उभं राहतं, एखादं पाऊल टाकतं आणि धपकन बसतं. दोन बोटांच्या चिमटीत जमिनीवरचा केस उचलतं. आपलं नाव ओळखतं. आणि याच वयात ते अनोळखी माणसाला बिचकतं, आई नजरेआड झाली की कासावीस होतं. ही त्याच्या वाढीची खूण आहे, चांगली खूण. नेमकं या वयाच्या बाळाला आपण दोनशे अनोळखी माणसांच्या मधोमध उभं करतो.

पुण्याच्या त्या हॉलमध्ये हेच झालं. निमंत्रण साडेसातचं, कार्यक्रम सुरू नऊला. फुग्यांची भलीमोठी कमान, जंगलातल्या प्राण्यांची थीम, पडद्यावर बारा महिन्यांची चित्रफीत, निवेदक, स्पीकर. बाळाला झुळझुळीत जरीचं जाकीट घातलेलं, मानेला ते टोचत होतं. मोठ्यानं संगीत वाजलं आणि केकवरची कारंज्यासारखी उडणारी मेणबत्ती पेटली तसं ते जे रडायला लागलं ते थांबेना. छायाचित्रकार खेळणं वाजवतोय, मावशी टाळ्या वाजवतेय, आई घामाघूम. शेवटी आजोबांनी त्याला बाहेर नेलं आणि पार्किंगमध्ये फेऱ्या मारून निजवलं. केक बाबांनी कापला. या आईबाबांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी वर्षभर रात्री जागवल्या होत्या, दोघांच्या नोकऱ्या सांभाळल्या होत्या, आणि चार लोकांना बोलवून आनंद सांगावा असं त्यांना वाटलं. पण बाळाची झोपेची वेळ आठची, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. हॉल आणि निवेदक यांच्या वेळा धरताना तेवढी एकच वेळ हिशेबातून गळली, याचं मला वाईट वाटतं. कर्ज काढून, हप्त्यावर असे वाढदिवस होतात तेव्हा तर जास्तच वाटतं.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. फुग्यांत हायड्रोजन भरलेला असेल तर मेणबत्तीच्या ठिणगीनं तो पेटतो, अशा अपघातांत मुलं भाजली आहेत. हवेचे साधे फुगे पुरतात. फेसाचे फवारे पेटत्या ज्योतीजवळ मारू नयेत, तेही भडकतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळ तोंडात घालतं आणि तो घशात चिकटतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण ज्या हौसेनं बोरन्हाण घालतो, त्यातही हीच काळजी हवी. हलव्याचे दागिने, काळं झबलं, डोक्यावरून ओतलेले चुरमुरे आणि उसाचे करवे हे दृश्य मला फार आवडतं. पण अख्खी बोरं, शेंगदाणे, हरभरे वर्षाच्या बाळाच्या हाती लागू नयेत. आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला वरून साखर देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाच्या ओठाला केकचं बोट लावायचा आग्रह पाहुण्यांनी सोडावा. त्याला गरम वरणभात, तूप आणि लिंबाचे दोन थेंब द्या, ते केकपेक्षा जास्त आनंदानं खातं.

केकवर मात्र माझा राग नाही. ‘हॅपी बर्थडे’ची चाल १८९३ ची, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हिल भगिनींच्या शिशुवर्गातल्या गाण्याची. केकवरच्या मेणबत्त्या जर्मनीतल्या, अठराव्या शतकापासूनच्या. दोन्ही आपल्याकडे आले आणि रुळले. माझ्या पिढीच्या मराठी मध्यमवर्गानं केक आपल्या हातानं घरात आणला आहे. कुकरच्या तळाशी वाळू पसरायची, झाकणाची रिंग आणि शिटी काढून ठेवायची, मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ठेवायचं आणि मध्ये उघडून बघायचं नाही. पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला काच असलेला, आळीत एकीकडे असला तर सगळ्यांकडे फिरणारा. अंडं न खाणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्कचा डबा फुटायचा. केक मध्ये खचायचा, मग त्या खळग्यात साय आणि साखर. त्या केकला आईच्या हाताचा वास होता, आणि तो औक्षणानंतरच कापला जायचा. आजही बहुतेक घरांत हाच क्रम आहे. आधी पाट, मग टेबल.

वाढदिवस ही परक्यांची रीत, आपल्याकडे नव्हतीच, असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. गोभिल गृह्यसूत्रात मूल वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला त्याच्यासाठी आहुती द्यायला सांगितलं आहे. बाळाच्या शेजारी चादरीवर एक, दोन, तीन असे आकडे मांडून दर महिन्याला फोटो काढणाऱ्या आजच्या आया मला हे वाचल्यापासून फार आपल्या वाटू लागल्या आहेत. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधू’त वाढदिवसाचा सविस्तर विधी आहे. मार्कंडेयाची प्रार्थना, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचं पूजन, षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य, आणि तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं. ही षष्ठी म्हणजे आपली सटवीच. जिच्या भीतीनं पाचवी जागवली तिलाच वर्षानं दहीभात देऊन निरोप. त्या दिवशी काय करू नये तेही सांगितलं आहे. नखं-केस कापू नयेत, हिंसा करू नये, भांडण करू नये. मानपानावरून आत्या आणि मामीत जुंपलेले वाढदिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नियमाचं मोल कळेल.

तिथी की तारीख, हा वाद मात्र अजून घराघरांत आहे. शिवजयंतीच्या बाबतीत तो अख्ख्या महाराष्ट्रानं घातला, घरी का नसावा? चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून तिथी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. साधारण एकोणीस वर्षांनी दोन्ही पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. २०२३ साली अधिक श्रावण होता. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलांचा तिथीचा वाढदिवस निज श्रावणात करतात, कारण तसा अधिक श्रावण आता २०४२ साली यायचा. व्यवहार असा की तारखेला केक आणि मित्रमंडळी, तिथीला घरच्या घरी औक्षण आणि गोडाचा शिरा. एका मुलाला दोन वाढदिवस मिळाले तर बिघडलं कुठं?

खरं तर आपल्याकडे मुलाला ओवाळायला वाढदिवसाचीच वाट पाहावी लागत नाही. श्रावणातल्या शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी ओवाळायचं. पिठोरी अमावास्येला आई खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरून अतिथी कोण म्हणून विचारते आणि मुलं पुढे होऊन आपलं नाव सांगतात. आश्विनातल्या पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याची आश्विनी. मुलं जवळ नसतील तर काय करायचं, याचंही उत्तर आहे. श्रावणात ओवाळताना परगावच्या मुलासाठी चारी दिशांना अक्षता टाकतात, कहाणीतल्या त्या आईसारख्या. आता परदेशातल्या नातवाच्या वाढदिवसाला इथले आजी-आजोबा फोनच्या पडद्यासमोर निरांजन घेऊन बसतात. तिकडे सकाळ, इकडे रात्र. नाशिकच्या एका आजींना मी पाहिलं, व्हिडिओ कॉलवर ओवाळून झाल्यावर त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि खिडकीशी जाऊन पश्चिमेकडे चार दाणे टाकले. अमेरिका तिकडंच ना, एवढंच त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

औक्षणाबद्दल आणखी एक बोलायचं आहे. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. काही घरांत कापसाचा पुंजकाही असतो, तो बाळाच्या केसांवर ठेवायचा आणि कापसासारखा म्हातारा हो म्हणायचं. वर्षाच्या बाळाला म्हातारपण मागणारी ही रीत मला आपल्या सगळ्या चालीरीतींत श्रेष्ठ वाटते. आणि हे मागणं पाच सवाष्णींनीच मागायचं, हा नियम तितकाच खुपतो. ज्या आजीनं बाळाला वर्षभर न्हाऊमाखू घातलं, शेक दिला, घुटी उगाळली, आई कामावर गेल्यावर दिवसभर कडेवर वागवलं, ती विधवा असेल तर ओवाळण्याच्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून उभी राहते. कोणी तिला जा म्हणत नाही, ती आपणहून जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावात मंगळसूत्र, कुंकू, जोडवी, बांगड्या आल्या. औक्षणाचं तबक ज्यानं त्यानं आपल्या घरी ठरवायचं आहे.

कोकणातल्या त्या वाडीत ते ठरवलं गेलं होतं. खळ्यात मांडव, दुपारी साडेअकराची वेळ, बाळ नुकतंच झोपून उठलेलं आणि खूश. पाटावर आईनं त्याला मांडीवर घेतलं. तिनं पाहिलं की सासूबाई मागच्या दारी नारळ खवत बसल्या आहेत. ती तिथूनच म्हणाली, ‘आई, तुम्ही आल्याशिवाय मी कुणाला ओवाळू देणार नाही.’ त्या ‘नको गं’ म्हणाल्या, एकदा, दोनदा. मग त्यांच्या थोरल्या जावेनंच उठून त्यांना हाताला धरून आणलं आणि तबक त्यांच्या हातात दिलं. बाळानं सवयीनं त्यांच्याकडे झेप घेतली, निरांजनाला हात लागणार तोच त्यांनी तबक उंच केलं, सगळे हसले, आणि त्यांनी कुंकू लावून ओवाळलं. मग जाऊबाई, आत्या, मावशी, शेजारच्या काकू, वाडीतल्या दोन चुलत आज्या, असं करत रांग वाढत गेली. बाळ तोवर कंटाळून सुपारी चोखायला लागलं होतं, ती काढून घेतली तसं ओरडलं, म्हणून आजीनंच त्याला उचललं आणि वरणभात कालवायला घेऊन गेली. आमची पानं त्यानंतर तासाभरानं वाढली.